डाव्या पायाची सुट्टी

एका उन्हाळ्यात माझा डावा पाय बेकार झाला. पायाला झालं काहीच नव्हतं. त्याचं काम तेवढं गेलं होतं. स्वातंत्र्यानंतरच्या त्या पहिल्या दहा वर्षांतली गोष्ट. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं, आणि मी कारंज्याच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्या शेठजींकडे ड्रायव्हर होतो.

दिवाळी अंकवाल्यांनी मला सांगितलं, "तुम्ही मोठमोठ्या माणसांच्या गाड्या चालवल्या, त्या माणसांबद्दल लिहा." आता अडचण अशी की मोठी माणसं मागे बसतात आणि ड्रायव्हरला पुढे बघावं लागतं. त्यामुळे मोठ्या माणसांचं मी ऐकलंय पुष्कळ, पाहिलंय कमी. गाड्यांचं मात्र खात्रीने सांगू शकतो. आणि एका बाईंचं सांगू शकतो, कारण त्या मागे बसायच्या सोडून पुढे येऊन बसल्या.

आधी गाडी सांगतो. शेठजींची गाडी विलायती होती. काळी, लांब, आतमध्ये चामड्याच्या गाद्या. दुसऱ्या शहरातल्या कापूस कंपनीचे साहेब लोक आले की त्यांना स्टेशनवरून आणायला हीच गाडी जायची. ज्यांनी कधी गाडी चालवली नाही त्यांच्यासाठी सांगतो: अशा गाडीत इंजिन एका वेगाने फिरत असतं आणि चाकं दुसऱ्याच वेगाने. या दोघांची गाठ घालून द्यायचं काम गिअरचं. गिअर बदलताना डाव्या पायाने क्लच दाबायचा, म्हणजे दोघांची ताटातूट होते. मग दांडा हलवायचा, आणि पाय हळूहळू सोडत पुन्हा गाठ घालायची. वेग जुळला तर मागच्या माणसाला कळतसुद्धा नाही. नाही जुळला तर गिअर करकर दात खातो आणि मागचा माणूस आपल्याला खातो.

आमच्या गाडीत तर दोनदा क्लच मारावा लागे, मधे अ‍ॅक्सिलरेटरला जराशी चापट द्यावी लागे. हे कानाने करायचं असतं. इंजिन कण्हायला लागलं की खालचा गिअर, गुणगुणायला लागलं की वरचा. मी हे माझ्या उस्तादाच्या शिव्या खाऊन शिकलो होतो आणि मला त्याचा फार ताठा होता.

शेठजींना एक सवय होती. चालत्या गाडीत ते सुपारी कातरत. मांडीवर रुमाल, हातात अडकित्ता, नजर सुपारीवर. म्हणजे मी गिअर टाकण्यात चुकलो की त्यांचं बोट गेलंच. "दौलत," ते म्हणायचे, "माहे दहा बोटं तुह्या पायात हायेत." पाच वर्षांत एकदाही त्यांच्या बोटाला चिंधी बांधावी लागली नाही. माझ्या नोकरीचं प्रशस्तिपत्रक हेच.

तर त्या उन्हाळ्यात या गाडीचा गिअरबॉक्स गेला. आतल्या चाकांचे दात झिजून गुळगुळीत झाले होते. बैल लावून गाडी मूर्तिजापूरला आणली, तिथून ट्रकने अकोल्याला. अकोल्यात रुस्तमशेठ नावाचे एक पारशी गृहस्थ मोटारी विकत आणि दुरुस्तही करत. त्यांनी गिअरबॉक्स उघडला आणि दुःखाने मान हलवली. भाग विलायतेहून मुंबईला येणार, मुंबईहून अकोल्याला. म्हणजे उन्हाळा गेला.

"पण शेठ, तुम्ही पायी नाही जायचं," रुस्तमशेठ म्हणाले. "तुमची गाडी माझ्याकडे आहे तोवर माझी गाडी तुमच्याकडे." आणि त्यांनी शेडचं दार उघडलं.

आत एक अमेरिकन गाडी होती. वरून साय, खालून आकाशी. बंपर एवढा चकचकीत की त्यात मी मिशा पाहून घेतल्या. आत वाकून पाहिलं तर पायाखाली दोनच पेडल. मला वाटलं, तिसरं तुटलंय.

"तुटलं नाही, नव्हतंच," रुस्तमशेठ हसून म्हणाले. "ही आपले गिअर आपणच बदलते. तू फक्त दिशा दाखव. डाव्या पायाला सुट्टी दे."

स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला एक छोटी दांडी होती आणि काचेखाली इंग्रजी अक्षरं. पुढे जायला एक, मागे जायला एक, चढाला आणि चिखलाला एक, नुसतं उभं राहायला एक. माझी शाळा चौथीपर्यंत, इंग्रजी येत नव्हतं, पण अक्षरं ओळखता येत होती. मी दांडी पुढे जायच्या अक्षरावर नेली. पाय ब्रेकवरून उचलला, आणि मी काहीही न करता गाडी आपणहून चालायला लागली. अंगावर काटा आला. शेठजी मागे बसले, रुमाल पसरला, अडकित्ता काढला.

अकोल्याच्या बाहेर रस्ता मोकळा मिळाला. गाडीने वेग घेतला. माझा कान म्हणाला, आता वरचा गिअर. माझा डावा पाय कानाचं ऐकायला शिकलेला. तो उठला आणि क्लच जिथे असायचा तिथे जोरात गेला. तिथे ब्रेक होता. त्या गाडीचा ब्रेक चांगला हातभर रुंद.

पुढचं मी ऐकूनच सांगतो, कारण मी स्टिअरिंगला छातीने भिडलो होतो. शेठजींची टोपी पुढच्या काचेला लागून माझ्या मांडीवर पडली. अडकित्ता रेडिओवर आपटला. सुपारीचा चुरा माझ्या मानेवरून शर्टात गेला. मागे शेठजी मोठ्याने बोटं मोजू लागले.

"बोटं हायेत," शेठजी शेवटी म्हणाले. "पाय पायजे तर काढून ठेव."

त्यानंतर कारंज्यापर्यंत मी डावा पाय सीटखाली दुमडून, जवळजवळ त्याच्यावर बसून गाडी चालवली. उतरलो तर पायाला मुंग्या, आणि लोकांना वाटलं दौलतला वातविकार झाला.

कारंज्यात आठ दिवस तीच चर्चा. मोंढ्यात हमाल गाडीभोवती जमायचे. "यात ड्रायव्हर कायले पायजे मंग?" असं कोणीतरी विचारलं आणि सगळे हसले. मला हसू आलं नाही. जी कला मी शिव्या खाऊन शिकलो ती एका लोखंडी पेटीत बसवून कुठल्याशा अमेरिकेत विकत होते! मी ज्याला त्याला त्या गाडीचे दोष सांगत सुटलो. पेट्रोल पाण्यासारखं पिते. उतारावर इंजिन गाडीला धरून ठेवत नाही, सगळा भार ब्रेकवर. चढावर आपल्याला पाहिजे तेव्हा जोर देत नाही, आधी विचार करते, मग देते. आणि सगळ्यांत मोठा दोष म्हणजे बोलत नाही. आमची काळी गाडी दर मैलाला काहीतरी सांगायची. ही नुसती गप्प बसून घेऊन जायची. हे दोष खरे होते. पण मी ते जरा जास्त आनंदाने सांगत होतो.

शेठजींच्या धाकट्या बहिणीने हे सगळं ऐकलं. त्या विमलताई. लहानपणी ताप आला आणि डावा पाय बारीक राहिला. काठी घेऊन चालायच्या. लग्न झालं नव्हतं. मंदिरातल्या पाठशाळेत मुलींना शिकवायच्या. बोलणं तिखट, वाचन दांडगं. हंगाम संपलेला, त्यामुळे जिनिंगचं आवार रिकामं होतं. तिथे मी गाडी पुसत होतो आणि आमच्या मुनीमजींना दोष क्रमाने ऐकवत होतो. मुनीमजी गेले, तशा ताई काठी टेकत जवळ आल्या.

"दौलतभाऊ, या गाडीले डाव्या पायाचं काईच काम नाई?"

"नाई ना ताई. तेच तर सांगून राह्यलो."

त्या वाकून पेडलकडे बघत राहिल्या. "म्हंजे तुमी हिची जी खोट काढून राह्यले, तीच माह्या कामाची हाय."

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा घाम फुटला. "ताई, शेठजी मले नोकरीवरून काढतीन."

"दादाले मी सांगतो," ताई म्हणाल्या. आमच्या वऱ्हाडात बायाही 'मी सांगतो'च म्हणतात. "पण आधी सांगण्यासारखं काई येऊ तर द्या."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी, पाठशाळा सुटल्यावर, शेठजी मोंढ्यात असताना, जिनिंगच्या आवारात आमची शाळा भरू लागली. शेठजींची विधवा आत्या, जिला सगळं गाव आत्याबाई म्हणे, ती कडुनिंबाखाली माळ घेऊन राखण बसायची. दर फेरीला ती डोळे मिटून घ्यायची आणि गाडी थांबली की उघडायची.

मी कैक जणांना गाडी शिकवली आहे. बहुतेकांचा निम्मा जीव क्लचमध्ये जातो. गाडी गचके खाते, बंद पडते, शिकणारा रडकुंडीला येतो, आणि समोर रस्ता आहे हे त्याला आठवतच नाही. ताईंना क्लचच नव्हता. त्यांचं सगळं लक्ष पहिल्या दिवसापासून रस्त्यावर. त्यांनी जमिनीवर ठेवलेल्या कापसाच्या रिकाम्या पोत्यांमधून गाडी आठ आकड्यात फिरवली. मागे घेतली. एकदा कडुनिंबाच्या इतकी जवळ थांबवली की आत्याबाईंच्या माळेचे मणी बंपरला लागले.

"उघडू का डोये?" आत्याबाईंनी विचारलं.

"उघडा आत्याबाई. झाड उभंच हाय," मी म्हणालो.

ताईंच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं ते मी शब्दांत काय सांगू. जन्मभर ज्यांना प्रत्येक जण "हळू, हळू" म्हणत आला, त्यांना पहिल्यांदा कोणीतरी "जरा वेग द्या" म्हणत होतं. तो म्हणणारा मी होतो, याचं मला अजून बरं वाटतं.

मग एक दिवस असा आला की शेठजींची वाशीमच्या कोर्टात तारीख होती. ते आदल्या दिवशीच बसने गेले. ताई आणि आत्याबाईंना शिरपूरच्या जैन मंदिरात दर्शनाला न्यायचं, आणि तिथून वाशीमला जाऊन शेठजींना घेऊन यायचं, असं ठरलं. कारंज्याहून शेलूबाजार, तिथून किन्हीराजा, पुढे मालेगाव, असा रस्ता. किन्हीराजा माझं गाव.

गावाच्या अलीकडे मागचं चाक बसलं. ऊन चढलेलं. मी जॅक काढला. आमच्या काळ्या गाडीचा जॅक गाडीच्या पोटाखाली लागायचा, भक्कम. या गाडीचा जॅक म्हणजे एक उंच काठी. ती बंपरला अडकवून गाडी उचलायची. उचलली. पंक्चर चाक काढलं, चांगलं चाक बसवलं, नट नुसते फिरवून ठेवले. चाक नीट बसलंय का म्हणून उजवा हात वरून आत घातला, आणि खालचा मुरूम सरकला. जॅक तिरका झाला. गाडी खाली आली, आणि माझा हात टायर आणि मडगार्डच्या मधे अडकला.

मी ओरडलो तो आवाज गावात पोचला म्हणतात. शेजारच्या वावरात आमचे पुंजाजीकाका वखर हाकत होते. ते आणि आणखी दोघं धावत आले, बंपरला खांदे लावून त्यांनी गाडी उचलली. हात निघाला. मनगटाजवळ पत्र्याने खोल कापला होता आणि हात भलत्याच बाजूला वाकला होता. रक्त थांबेना. आत्याबाई गाडीतून उतरल्या, स्वतःच्या पांढऱ्या लुगड्याचा पदर टर्रकन फाडला आणि दंडाला असा आवळून बांधला की मी दुसऱ्यांदा ओरडलो.

"मांगून बस केवा हाय?" ताईंनी पुंजाजीकाकांना विचारलं.

"आत्ताच तर गेली. आता संध्याकाळीच."

"मी चालवतो," मी म्हणालो आणि उठून ड्रायव्हरच्या दाराशी गेलो. दाराच्या काचेत मला दोन दौलत दिसले. दोघेही पांढरेफटक. मग दोघेही खाली बसले.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. पुंजाजीकाकांनी नट आवळले. "पुरे जोर लावून, काका," ताई सांगत होत्या, "समोरासमोरचे एकामागं एक." हे मीच शिकवलं होतं. मग मला उचलून मागच्या गादीवर, शेठजींच्या जागेवर, ठेवलं. माझं डोकं आत्याबाईंच्या मांडीवर. ताईंनी काठी शेजारच्या सीटवर टाकली आणि त्या स्टिअरिंगमागे बसल्या.

पुंजाजीकाका खिडकीत वाकले. "अबे दौलत, तू मांगं काहून? गाडी कोण नेऊन राह्यलं?"

"ताई नेतीन."

काकांनी ताईंकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं. मग ते गाडीच्या पुढे धावत निघाले आणि गावातल्या रस्त्यावरची बैलं, गाड्या, माणसं बाजूला हाकू लागले. "हटा! हटा! ताई येऊन राह्यल्या!" माझ्या जन्मगावातून मी असा गेलो: साहेबासारखा मागे आडवा, आणि पुढे माझा काका वर्दी देत.

गाव सुटलं. रस्ता कुठे डांबराचा, कुठे नुसत्या खडीचा. ताईंनी जिनिंगच्या आवाराबाहेर गाडी कधी काढली नव्हती. मी मागून सांगत होतो.

"ताई, गिअर बदला, चढ हाय."

"दौलतभाऊ, यात गिअर नाई. तुमी चूप पडा."

"हळू घ्या."

"हळूच पाह्यजे असतं तर बैलगाडी केली असती."

आत्याबाईंचा णमोकार मंत्र चालू होता. एका हाताने त्यांनी माझा हात उंच धरलेला, आणि डोळे अर्थातच मिटलेले.

समोरून सरकारी बस आली. रस्ता एका गाडीपुरता. बसचा ड्रायव्हर माझ्या ओळखीचा. तो कोणालाच वाट देत नसे, कलेक्टरलाही नाही. मी डोकं वर करून पाहिलं. ताईंनी गाडी बाजूला घेतली नाही. थांबवली. रस्त्याच्या मधोमध, शांतपणे, आणि हॉर्नवर हात ठेवून तो उचललाच नाही. बस थांबली. ड्रायव्हरने खिडकीतून तोंड काढलं, शिवी देण्यासाठी. समोर डोक्यावर पदर घेतलेली बाई दिसली. शिवी घशातच राहिली. बस खडीवर उतरली आणि आम्ही निघून गेलो.

मग नाला आला. तिथे पूल नव्हता. उन्हाळ्यात कोरड्या वाळूतून पार व्हायचं आणि पलीकडच्या उभ्या काठावर चढायचं. माझी काळी गाडी इथे पहिल्या गिअरमध्ये, क्लचवर खेळवत न्यावी लागे. नवशिका ड्रायव्हर इथे हमखास बसायचा. चाकं वाळूत फिरायची, क्लच जळायचा, मग बैल आणा. मला वाटलं, संपलं.

ताई वरच्या काठावर थांबल्या. ती छोटी दांडी चढाच्या अक्षरावर आणली. मग गाडी न थांबता, न घाई करता वाळूत उतरली. मी कान लावून होतो. चाकं कुठे एकदाही भिरभिरली नाहीत. एकसारखी, दमदार, गाडी पलीकडचा काठ चढून वर आली. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ही गाडी मुकी नाही. तिच्याशी कसं बोलायचं ते मला येत नव्हतं, ताईंना येत होतं. हात एवढा दुखत होता, तरी मी मागून "वा!" म्हणालो.

"उतरलो का?" आत्याबाईंनी विचारलं.

"चढलोबी, आत्याबाई," ताई म्हणाल्या.

मालेगाव मागे पडलं. वाशीमच्या दवाखान्याच्या दारात ताईंनी गाडी लावली. सावली पाहून लावली, हे मी बघितलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी जखम शिवली, हाड बसवलं. रक्त बरंच गेलंय म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर हात वाचवणं कठीण होतं. मग विचारलं, "किन्हीराजाहून इतक्या लवकर गाडी कोणी आणली?"

"मले काय माईत?" आत्याबाई म्हणाल्या. "माहे डोये मिटले होते."

कोर्टात निरोप गेला आणि शेठजी आले. आधी माझ्याजवळ आले, हात पाहिला, "दुखते का?" म्हणाले. मी नाही म्हटलं. मग त्यांनी ताईंकडे पाहिलं. ताई भिंतीला टेकून उभ्या.

"कोणी चालवली?"

"मी."

"तुले कोणी शिकवलं?"

माझी नोकरी गेली हे मी धरून चाललो. ताई म्हणाल्या, "दौलतभाऊनं गाडी उभी कशी करायची ते सांगतलं, दादा."

"आन् चालवायची?"

"ते गाडीनंच सांगतलं."

शेठजी बाहेर गेले. खिडकीतून मला दिसत होतं. ते गाडीभोवती फिरले. मडगार्डवरून, दारांवरून हात फिरवला. कुठे ओरखडा नव्हता. मग चाकांवरच्या वाळूकडे बराच वेळ बघत उभे राहिले. तो नाला त्यांच्या चांगला ओळखीचा होता. त्या वाळूत त्यांनी एका पावसाळ्याआधी माझ्याआधीच्या ड्रायव्हरबरोबर अर्धा दिवस काढला होता.

त्या रात्री आम्ही वाशीमलाच राहिलो. सकाळी दवाखान्याच्या दारात आम्ही सगळे गाडीपाशी उभे. माझा हात गळ्यात. शेठजींना गाडी येत नव्हती. पुढचं दार उघडं, आणि कोणीही बसत नव्हतं. शेठजी जगाला भिणारे नव्हते, पण कारंज्याच्या भर बाजारातून बहीण गाडी हाकत येणार, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे असणार. लोक काय म्हणतील ते त्यांच्या कपाळावर लिहिलेलं मला दिसत होतं.

आत्याबाईंनी गुंता सोडवला. त्या तुरुतुरु गेल्या आणि पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या शेजारी, जाऊन बसल्या.

"आत्याबाई, तुमी पुढं?" शेठजी म्हणाले.

"मंग काय. काल सारा रस्ता हुकला माहा. आज डोये उघडे ठेवतो." आणि ताईंकडे वळून म्हणाल्या, "चाल वं पोरी, ऊन होऊन राह्यलं."

ताई बसल्या. शेठजी मागे बसले, माझ्या शेजारी. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या बरोबरीने मागच्या गादीवर होतो आणि दोघांनाही हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. शेलूबाजारच्या पुढे शेठजींनी हळूच रुमाल पसरला आणि अडकित्ता काढला. मी दुसरीकडे बघितलं. कारंज्याच्या बाजारात गाडी शिरली तेव्हा दुकानदार पायऱ्या उतरून खाली आले. एक जण म्हणाला, "शेठजी, हे काय?" शेठजींनी काच खाली केली. "दौलतचा हात मोडला," ते म्हणाले, आणि मग जरा थांबून, "आन् विमलचा चांगला हाय."

परवान्याचं शेठजींनी रीतसर करून घेतलं. परीक्षा घेणारे साहेब म्हणाले, अशा पायाने कसं? ताईंनी त्यांना शेजारी बसवून अकोल्याच्या भाजीबाजारातून फिरवून आणलं. साहेब उतरले ते सही करूनच.

उन्हाळा सरत आला तेव्हा रुस्तमशेठचा निरोप आला की काळी गाडी तयार आहे. माझा हात तोवर मोकळा झाला होता. शेठजी, आत्याबाई, ताई आणि मी अमेरिकन गाडी परत करायला निघालो. ताई चालवत होत्या. नेहमीपेक्षा हळू चालवत होत्या, हे माझ्या लक्षात आलं. माझी गाडी मला परत मिळत होती, आणि मला आनंद करायला लाज वाटत होती.

रुस्तमशेठने काळ्या गाडीची चावी शेठजींना दिली. शेठजींनी ती माझ्या हातावर ठेवली. मग रुस्तमशेठने ताईंकडे हात पुढे केला. ताईंनी मूठ उघडली. चावी घामाने ओली होती.

"ते राहू द्या, रुस्तमशेठ," शेठजी म्हणाले.

"राहू द्या म्हणजे?"

"म्हंजे आता गाडी परत मांगू नका. बाकी आपण दोघं बसून बोलू."

ताईंनी मूठ मिटली. तोंड फिरवून त्या गाडीत जाऊन बसल्या आणि बराच वेळ काच पुसत राहिल्या. काच स्वच्छ होती.

आता लोक मला विचारतात, दौलतराव, तुम्ही दोन्ही चालवल्या, चांगली कोणती? मी खरं सांगतो. मला अजूनही गिअरचीच आवडते. पायाखाली, हाताखाली, कानात, सगळीकडे ती असते. तिला चालवून उतरलो की काहीतरी केल्यासारखं वाटतं. पण तिच्यात एक खोड आहे. ती आधी माणसाचे पाय मोजते, मग आत घेते. दुसरी तसं विचारत नाही.

त्या दिवशी अकोल्याहून दोन गाड्या निघाल्या. पुढे काळी: मी आणि मागे शेठजी. पाठीमागून आकाशी. दांडा हातात आला, क्लच पायाखाली आला, आणि माझा डावा पाय असा खूश झाला की मी उगीचच गिअर बदलत होतो. बोरगाव मंजूच्या पुढे मोकळा रस्ता लागला. आरशात आकाशी रंग मोठा होत गेला. मग हॉर्न वाजला आणि ताई आमच्या बाजूने सुसाट पुढे निघून गेल्या. पदर वाऱ्यावर, आणि शेजारी आत्याबाई, डोळे सताड उघडे, आम्हाला हात हलवून दाखवत होत्या.

मी शिस्तीने वेग कमी केला. शेठजींची बहीण, ड्रायव्हरने तिच्याशी शर्यत लावायची नसते.

मागून शेठजी पुढे सरकले. त्यांची हनुवटी माझ्या खांद्याशी आली. "दौलत, पाहून काय राह्यला? टाक ना गिअर!"

मी टाकला. खालचा टाकला, इंजिन गरजलं, वरचा टाकला. माझ्या सगळ्या नोकरीत तितके सुंदर गिअर मी कधी टाकले नसतील. शेठजी मागून "हां! हां!" करत होते. आकाशी गाडी दिसायची, वळणावर जवळ यायची, सरळ रस्त्याला लागली की पुन्हा ठिपका व्हायची. सापडली नाही.

मूर्तिजापूरला चहाच्या दुकानापुढे ती उभी होती. ताई बोनेटला टेकून कपबशी हातात घेऊन उभ्या, निम्मा चहा झालेला. आम्ही धुरळ्यात माखून उतरलो. त्यांनी आधी भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काहून दौलतभाऊ," त्या म्हणाल्या, "गिअर अडकला होता का?"